साहेब, लगबग आणि तिसरा रकाना

बुलमॅस्टिफ की स्पॅनियल, हा प्रश्न भिंगरीच्या घरात कुत्र्याचा प्रश्न म्हणून आलाच नाही. तो ‘विषय क्रमांक एक’ म्हणून आला. विषय क्रमांक दोन नव्हताच. पण बाबा पाणीपुरवठ्याच्या खरेदी विभागात होते आणि तिथे क्रमांक घातल्याशिवाय विषयाला कुणी विषय मानत नाही.

खरा विषय पळण्याचा होता. नववीतली भिंगरी (हे नाव आत्याने ठेवलेलं, एका जागी बसत नाही म्हणून) शाळेच्या चार किलोमीटरच्या संघात निवडली गेली होती. पी.टी.च्या बाईंनी प्रत्येक मुलीला एकेक वही दिली. रोज शाळेआधी आपापल्या घराजवळ चार किलोमीटर पळायचं, वेळ लिहायची, पालकाची सही घ्यायची. पहिल्या तारखेपासून वही सुरू झाली नाही तर नाव कमी. “आणि कारणं गेटबाहेर ठेवून यायची,” बाई म्हणाल्या, “वर्गात चपला घालून आलेलं चालेल, कारणं घेऊन नाही.”

घरापासून कालव्याच्या कडेने पंपहाऊसपर्यंत जाऊन परत आलं की बरोबर चार किलोमीटर. रस्ता झकास. एकच खोट, की पावणेसहाला त्या रस्त्यावर दूधवाला सोडला तर चिटपाखरूही नसतं. आई हॉस्पिटलात नर्स, तिची बस साडेपाचची. उरले बाबा. बाबा म्हणाले, “एकटी जायचं नाही.” विषय संपला.

संपला म्हणजे, बाबा स्वतः एक दिवस स्कूटर घेऊन मागे गेले होते. पण भिंगरीच्या वेगाने स्कूटर चालवली तर स्कूटर बंद पडते आणि स्कूटरच्या वेगाने भिंगरीला पळवलं तर भिंगरी बंद पडते. तिसऱ्यांदा किक मारताना बाबा कालव्याकडेच्या खड्ड्यात सावकाश आडवे झाले. त्या सकाळबद्दल घरात कुणी बोलत नाही. दूधवाला बोलतो, पण तो बाहेरचा.

म्हणून मग बाबाच म्हणाले, “कुत्रा आणू.”

भिंगरीने इतक्या जोरात उडी मारली की खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीने छत ठोकलं. पण बाबांच्या डोक्यातला कुत्रा वेगळा होता नि भिंगरीच्या डोक्यातला वेगळा, हे उडी खाली यायच्या आतच कळलं.

“राखणीचा हवा,” बाबा म्हणाले. “बुलमॅस्टिफ. लांबून दिसला की माणसाने रस्ता बदलावा.”

“बाबा, तो पळणार का पण माझ्याबरोबर? त्याला स्वतःचं तोंड उचलायचं ओझं होतं! मला स्पॅनियल हवा. शिकारीच्या कामाचा, दिवसभर धावतो.”

“आणि चोर आला की त्याचा हात चाटतो.”

“रस्त्यावर माझ्याकडे चोरण्यासारखं काय असतं? वही?”

“अहो, दोघंही थांबा,” आई म्हणाली. “भाकरी थंड होतेय.” पण तोवर बाबांनी पट्टी आणि पेन्सिल आणलेली होती.

आता बाबांची पद्धत सांगितली पाहिजे. बावीस वर्षांत त्यांनी तीन कोटेशनं, एक तुलनात्मक तक्ता आणि नमुन्याची चाचणी यांच्याशिवाय कधी काही घेतलं नाही, ना ऑफिसात ना घरी. मिक्सर घेताना तक्ता पुरा व्हायला अकरा महिने लागले. तोवर आईला काही वाटायचं असतं हेच सगळे विसरून गेले. तर त्या रात्रीच्या जेवणाआधी तक्ता तयार झाला. पहिला रकाना बुलमॅस्टिफ, दुसरा स्पॅनियल, तिसरा रिकामा. आडव्या ओळी अशा: अनोळखी माणसाविषयी मत. पळण्याची तयारी. आवाज. केस गळणे. चावणे.

“तिसऱ्यात काय?” भिंगरीने विचारलं.

“तेच शोधायचंय. दोन कोटेशनांवर निर्णय घेता येत नाही, नियमात बसत नाही.”

“मांजर लिहा,” आई म्हणाली.

“चेष्टा नको,” बाबा म्हणाले, आणि तिसऱ्या रकान्यात एक टिंब देऊन ठेवलं, जागा अडवायला.

दुसऱ्या दिवशी दोघं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई सरळ स्वभावाच्या. तक्ता बघितला आणि म्हणाल्या, “अहो, राखणीचा कुत्रा म्हणजे पहारेकरी. तो आपली जागा धरून बसतो. लहानपणापासून माणसांत वावरायला शिकवला नाही तर घरी पाहुणा येणं बंद. चार किलोमीटर वगैरे विसरा. आणि हा दुसरा, ह्याला रोज दोन तास दमवावं लागतं. नाही दमवलं तर तो स्वतःचं काम स्वतः शोधतो, आणि त्याने शोधलेलं काम आपल्याला आवडत नाही.”

“म्हणजे कुठला घ्यावा?” बाबांनी पेन सरसावलं.

“तुम्हाला कुत्रा हवाय की सोबत हवीय, ते आधी ठरवा.”

बाबांनी हे आणि दमवण्याचं, दोन्ही वाक्यं लिहून घेतली, पण त्यांच्यासाठी तक्त्यात ओळच नव्हती, म्हणून ती समासात गेली.

इथपर्यंत गोष्ट घरातली होती. ती इमारतीची झाली ती बाबांच्या नोटिशीमुळे. जिन्यातल्या फळ्यावर त्यांनी टंकलेला कागद लावला: ‘पहिल्या मजल्यावर एक (१) कुत्रा आणण्याचे योजिले आहे. रहिवाशांनी हरकती व सूचना सीलबंद पाकिटात सादर कराव्यात.’

“कुणी विचारलं होतं का तुम्हाला?” आईने कपाळावर हात मारला. “ज्यांना हरकत नव्हती तेही आता शोधून काढतील!”

तसंच झालं. गाण्याच्या बाईंनी लिहिलं की कुत्रा असावा, पण सकाळी सहा ते आठ त्याने खालच्या पट्टीत भुंकावं. शिंपीकाकांची सूचना शेपटीच्या लांबीबद्दल होती. जिना अरुंद आहे. सेक्रेटरीकाकूंनी मात्र पाकीट वगैरे न करता दारातच गाठलं. “इमारतीचं ना-हरकत पत्र हवं ना? मग आधी कुत्र्याचा परवाना आणा.”

परवान्याच्या खिडकीत म्हणाले, आधी लसीचं कार्ड आणा. लसवाले म्हणाले, आधी कुत्रा आणा. आणि काकू म्हणाल्या, ना-हरकत पत्राशिवाय कुत्रा गेटच्या आत येणार नाही. बाबा दमून घरी आले, पण चेहऱ्यावर चमक होती. “बघ भिंगरे, याला म्हणतात चोख कारभार! कुठेही फट नाही.”

एकच माणूस गप्प होता, आणि बाबांना धास्ती त्याचीच होती. तळमजल्यावरचे टपालकाका. तेहतीस वर्षं घरोघर टपाल वाटून निवृत्त झालेले, नोकरीत अकरा कुत्रे चावलेले. प्रत्येक चाव्याची तारीख तोंडपाठ. ते जिन्यात भेटले आणि एवढंच म्हणाले, “पत्र पाठवलंय.”

“कुठाय?” बाबा.

“टपालात. हातोहात देतात त्याला चिठ्ठी म्हणतात. मी पत्र लिहिलंय. पोचेल.”

“अहो पण तुम्ही खाली, मी वर! बारा पायऱ्या आहेत मध्ये!”

“पोचेल,” टपालकाका म्हणाले आणि सायकल पुसायला लागले.

बाबा घरी येऊन म्हणाले, “अकरा कुत्रे चावलेला माणूस बाराव्याला मंजुरी देत नसतो. ती हरकत यायच्या आत चाचणी उरकली पाहिजे.”

चाचणी. पहिली तारीख मंगळवारी होती, म्हणून चाचणी रविवारी ठरली. बेकरीवाला गावाला चालला होता. त्याच्या गोदामावरचा बुलमॅस्टिफ त्याने एका दिवसासाठी आनंदाने दिला. जरा जास्तच आनंदाने. डॉक्टरीणबाईंनी त्यांचा स्वतःचा स्पॅनियल दिला. शहाण्या माणसाने एक शनिवारी बघितला असता, दुसरा रविवारी. पण बाबा म्हणाले, “दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच जागी, एकाच परिस्थितीत तपासायचे असतात. नाहीतर निकालावर आक्षेप येतो.” गेटचा प्रश्न काकूंनीच सोडवला. “कुत्र्यांना ना-हरकत लागते. एका दिवसाच्या पाहुण्यांना नियम नाही,” असं त्या मोठ्या मनाने म्हणाल्या. हे वाक्य लक्षात ठेवा, काकूंनी ते नंतर नाकारलं.

शनिवारी संध्याकाळी पाहुणे आले. बुलमॅस्टिफचं नाव होतं साहेब. तो आत आला, घरावर एक नजर टाकली, उघड्या दारात आडवा बसला आणि तिथेच राहिला. त्याचं डोकं साधारण आईच्या कुकरएवढं. बाबा ऑफिसात बावीस वर्षं साहेबांपुढे उभे राहिलेले. त्यांना त्याला ‘अरे’ म्हणताच येईना. “साहेब, जरा सरकता का? दूध आणायचंय.” साहेब सरकले नाहीत. दूध आलं नाही.

स्पॅनियलचं नाव लगबग. तो तेवढ्या वेळात चारही खोल्या तीनदा फिरून आला होता. येताना तोंडात आईचा चष्मा, अगदी अलगद धरलेला, ओरखडासुद्धा नाही. तो त्याने साहेबाच्या पुढ्यात ठेवला. हे तेव्हाच सगळ्यांनी गांभीर्याने घ्यायला हवं होतं. पण सगळे म्हणाले, “किती गोड!”

रविवारी पावणेसहाला पळण्याची चाचणी. भिंगरीच्या हातात लगबगची दोरी, बाबांच्या हातात साहेबाची आणि घड्याळ. “एक, दोन,” बाबा म्हणाले, आणि भिंगरी गेली. ती गेली असं नाही, तिला नेण्यात आलं. पंपहाऊस कधी आलं नि गेलं ते तिला कळलंही नाही. पाय जमिनीला लागत होते की नुसतेच विचारपूस करत होते, देव जाणे. परतताना लगबगला कालव्यात बदक दिसलं. दोरी भिंगरीच्या मनगटाला होती. वेळ आली एकोणीस मिनिटं दहा सेकंद, तिच्या आयुष्यातली सर्वांत चांगली, फक्त त्यातले शंभर मीटर पोहून.

“बाबा, बघितलंत?” ती निथळत ओरडली.

बाबांनी बघितलं नव्हतं. साहेब गेटपर्यंत चालून तिथेच बसले होते आणि बाबा त्यांच्या शेजारी उभे होते. एवढ्या वेळात दूधवाल्याने त्यांना पाहून कॅन दोन इमारती अलीकडेच उतरवले. बाबांनी तक्त्यात लिहिलं: अनोळखी माणसाविषयी मत, प्रतिकूल. पळण्याची तयारी, दिसून आली नाही.

घरी येऊन भिंगरीने बूट वाळायला दाराबाहेर ठेवले आणि आंघोळीला गेली. आई ओट्याशी, बाबा तक्त्याशी. लगबग दमला असेल असं सगळ्यांनी धरून चाललं. डॉक्टरीणबाईंचं दमवण्याचं वाक्य कुणाला आठवलं नाही, समासातल्या गोष्टी कुणाला आठवतात? लगबगने काम शोधलं. प्रत्येक दाराबाहेर चपलांचं कपाट होतं आणि एकाही कपाटाला कडी नव्हती.

आठ वाजता जिन्यात आरडाओरड ऐकू आली. बाबा दाराशी गेले. दारात साहेब होते. साहेबांच्या पुढ्यात, पोटाखाली आणि पंजांच्या मध्ये अख्ख्या इमारतीचं पायताण होतं. तेवीस नग. शक्यतो प्रत्येक जोडीतला एकच, म्हणजे कुणालाच पूर्ण उपयोग नाही. लगबग आणत होता, साहेब राखत होते. एक चोर आणि एक तिजोरी, आणि दोन्ही बाबांच्या दारात.

“माझी चप्पल!” शिंपीकाकांनी हात पुढे केला. साहेबांच्या पोटातून जड कपाट सरकवल्यासारखा आवाज आला. हात परत गेला.

“अहो, बोलवा ना तुमच्या कुत्र्याला!” गाण्याच्या बाई वरच्या पट्टीत म्हणाल्या.

“साहेब,” बाबा आतून म्हणाले, “लोक आलेत.” साहेबांनी मान वळवून बाबांकडे बघितलं. ऑफिसातले साहेब बघतात तसंच, म्हणजे ‘मग?’ बाबा बाहेर जायला निघाले तर तोच आवाज त्यांच्यासाठीही आला. साहेबांच्या हिशेबात बाबा हीसुद्धा राखायची वस्तू होती.

“पाहुण्यांना नियम नाही म्हणे!” सेक्रेटरीकाकू एका पायावर तोल सावरत कडाडल्या. “कोण म्हणालं असं?”

“काकू, तुम्हीच,” भिंगरी केस पुसत म्हणाली.

“मी? शक्यच नाही!” एवढ्यात त्यांच्या उरलेल्या पायातली चप्पल लगबगने अलगद काढून घेतली आणि साहेबांकडे जमा केली. चोवीस.

मग भिंगरीला ढिगात आपले पळायचे बूट दिसले, आणि तिचं हसू मावळलं. तो एकच जोड होता. परवा पहिली तारीख. सोबत नाही, परवानगी नाही, आता बूटही नाहीत.

खालून टपालकाका वर आले, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. सगळे बाजूला झाले. बाबा दाराच्या चौकटीला टेकले. आली हरकत, तोंडी आली!

“माझं पत्र मिळालं?” काकांनी विचारलं.

“नाही अजून.”

“पोचेल.” मग ते साहेबांकडे वळले. सरळ नाही, जरा तिरपे, नजर जिन्याच्या कठड्यावर, जणू काही त्यांना तिथे काहीच काम नाही. “तुम्ही सगळे घ्यायला येताय,” ते लोकांना म्हणाले. “पहारेकरी नेणाऱ्याला अडवतो. आणून देणाऱ्याला कोण अडवेल? अकरा चावे खाऊन शिकलो. आधी द्या.” त्यांनी पायातली चप्पल काढून सावकाश ढिगावर ठेवली. साहेबांनी ती हुंगली. तेवढ्यात काकांनी दुसऱ्या हाताने शिंपीकाकांची चप्पल उचलली. साहेब काही बोलले नाहीत. एक आली, एक गेली, शिल्लक तेवढीच.

पुढचा तासभर इमारतीत अदलाबदल चालली. जो तो घरी जाऊन काहीतरी टाकाऊ आणायचा, साहेबांना अर्पण करायचा नि आपलं पायताण सोडवून न्यायचा. मोडकी छत्री आली. झाकण नसलेला डबा आला. गाण्याच्या बाईंनी जुना पायपोस दिला आणि सँडल नेली. सेक्रेटरीकाकू नोटीसबुकाचं फाटकं कव्हर घेऊन आल्या. काकांची चप्पल शिंपीकाकांनी जुनी कात्री देऊन सोडवली. भिंगरीने सातवीतले बूट देऊन पळायचे बूट उचलले आणि छातीशी धरून आत पळाली.

शेवटी बाबांचे ऑफिसचे बूट उरले. घरात टाकाऊ काही शिल्लक नव्हतं. आईने टेबलाकडे बघितलं. बाबांनी तक्त्याची फाईल उचलली, दोन क्षण हातात धरली आणि साहेबांपुढे ठेवली. साहेब तिच्यावर हनुवटी टेकून झोपले. बावीस वर्षांत बाबांची कुठलीच फाईल साहेबांनी इतकी मनापासून ठेवून घेतली नव्हती.

दुपारी दोघे पाहुणे आपापल्या घरी गेले. फळ्यावर नवी नोटीस लागली: ‘कुत्रा हा विषय बंद. पाहुण्यांनाही नियम आहे.’ बाबांनी ती वाचली आणि सही केली. लाळेने फुगलेली फाईल खिडकीत वाळत होती.

सोमवारी पी.टी.च्या बाईंनी वर्गात फक्त दोन शब्द उच्चारले, “उद्या पहिली.” भिंगरी एरवी शेवटच्या बाकावरून उत्तर देणारी, पण त्या दिवशी वहीच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने कुत्र्यांचे कान काढत बसली. घरी आली तर बाबा, आई आणि टेबलावर एक पाकीट. लाखेचं सील. वर तीन शिक्के: पत्र तळमजल्यावरून निघून शहरातल्या मोठ्या कचेरीत गेलं होतं, तिथून दुसऱ्या कचेरीत, आणि आठव्या दिवशी बारा पायऱ्या चढून आलं होतं.

“कशाला उघडायचं?” बाबा म्हणाले. “विषय बंद झालाय. आता हरकत ठेवू कुठे?”

“पत्र आलंय तर वाचायचं,” आई म्हणाली. “तुमच्या नोकरीचं पत्र आलं तेव्हाही तुम्ही घाबरून उघडत नव्हता. तेही त्यांनीच आणून दिलं होतं.”

बाबांनी वाचलं, मोठ्याने, ऑफिसात वाचतात त्या आवाजात:

“‘विषय: कुत्र्याबाबत सूचना. संदर्भ: जिन्यातली नोटीस. महोदय, मी रोज पहाटे पाच चाळीसला सायकलने पंपहाऊसपर्यंत जाऊन येतो. पायांना सवय आहे, थांबत नाहीत. मुलीला सोबत हवी आहे असे ऐकतो. मी पन्नास पावले मागे राहीन. बोलणार नाही, पळणाऱ्याशी बोलू नये. सायकलला घंटी आहे. आवाज खणखणीत आहे, तेहतीस वर्षे चौथ्या मजल्यापर्यंत हाक दिली आहे. केस गळायचे होते ते गळून गेले. चावत नाही. कुत्रा आणल्यास माझी हरकत नाही, मात्र गरज पडू नये म्हणून लिहिले. उत्तर टपालाने द्यावे.’”

आईने पदराने चष्मा पुसला. तो स्वच्छच होता. बाबा उठले, खिडकीतून फाईल आणली, फुगलेलं पान सरळ केलं. तिसऱ्या रकान्यातलं टिंब अजून तिथेच होतं. त्याच्यापुढे त्यांनी सुवाच्य अक्षरात सगळ्या ओळी भरल्या. अनोळखी माणसाविषयी मत: गाढा अनुभव. पळण्याची तयारी: सायकल. आवाज: चौथ्या मजल्यापर्यंत. केस: निरंक. चावणे: स्वतः चावून घेतलेले, अकरा.

“तीन झाली,” ते म्हणाले. “आता नियमात बसतं.”

“बाबा! उत्तर टपालाने द्यायचंय! आठ दिवस लागतात! उद्या पहिली आहे!”

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग बावीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. कागदावर ‘मंजूर. आभारी आहे.’ लिहिलं, पाकिटात घातलं, तिकीट चिकटवलं, आणि पाकीट भिंगरीच्या हातात दिलं. “जा.”

बारा पायऱ्या तिने चार उड्यांत संपवल्या. टपालकाकांच्या दारासमोर उभी राहिली, श्वास घेतला आणि चौथ्या मजल्यापर्यंत जाईल अशी हाक दिली, “टपाऽऽल!”

काकांनी दार उघडलं. पाकीट उलटसुलट केलं. तिकीट बघितलं, पत्ता बघितला, तिला बघितलं. खिशातून पेन काढून शिक्का म्हणून तिकिटावर एक आडवी रेघ मारली, तेव्हाच पाकीट फोडलं.

“पाच चाळीस,” ते म्हणाले. “उशीर झाला तर थांबणार नाही.”

भिंगरीच्या वहीच्या पहिल्या पानावर पहिल्या तारखेची नोंद आहे. खाली बाबांची सही, तारखेसकट. वेळ बावीस मिनिटं चार सेकंद. लगबगपेक्षा तीन मिनिटांनी वाईट, पण सगळी जमिनीवरून.